घरचें शास्त्र : यंत्र पडलें तरी काम अडूं नये

परभणीच्या एका वाचक भगिनींनीं या सदराकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांची सून पुण्यास एका कंपनींत संगणकांच्या देखरेखीचें काम करते. दोन-तीन महिन्यांतून एकदां, बहुधा शनिवारीं रात्रीं, सगळें घर निजल्यावर ती लॅपटॉप उघडून बसते ती पहांटेपर्यंत उठत नाहीं. विचारलें तर म्हणते, "आई, आज फेलओव्हरची चाचणी आहे. चालू असलेला एक सर्व्हर आम्ही मुद्दाम बंद करणार आहोत." भगिनींचा प्रश्न असा कीं, जें यंत्र बरें चाललें आहे तें मुद्दाम बंद पाडण्यांत शहाणपण कोणतें, आणि त्यासाठीं सुनेनें रात्रभर जागावें कां? प्रश्न घरगुती दिसतो. पण त्याच्या पोटांत आजच्या लोकव्यवहाराचा एक मोठा विषय सांठविलेला आहे. म्हणून या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे.

"सर्व्हर डाऊन आहे" हे शब्द आतां खेड्यापाड्यांतील माणसांसहि परके राहिले नाहींत. आमच्या कुरुंद्यासारख्या गांवीं सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, बँकेंतील पैसे काढणें, स्वस्त धान्याच्या दुकानांत उमटविलेला अंगठा, हें सारें कोठेंतरी दूर ठेवलेल्या संगणकाच्या होकारावर अवलंबून असतें. तो होकार आला नाहीं म्हणजे मजुरी बुडवून आलेला माणूस "उद्यां या" हें ऐकून परत जातो. आणि उद्यां मुदत संपलेली असली तर त्याचा हक्कहि तिच्याबरोबर जातो. विशेष हें कीं, तो फारसा रागावतहि नाहीं. पाऊस आला नाहीं तसा सर्व्हर आला नाहीं, अशा समजुतीनें तो हें नुकसान दैवाच्या खात्यावर मांडतो. ही मांडणी चुकीची आहे, हें दाखविणें हाच आजच्या लेखाचा हेतु. यंत्र बिघडणें अटळ आहे. यंत्र बिघडल्यामुळें काम अडणें मात्र अटळ नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक शास्त्र उभें आहे, आणि भगिनींची सून रात्रीं जागते ती त्या शास्त्राच्याच सेवेंत.

प्रथम शब्दांचा अर्थ लावूं. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांस सेवा पुरविणारा मोठा संगणक. पूर्वी एका सर्व्हरवर बहुधा एकच काम ठेवीत : एकावर हिशेब, दुसऱ्यावर टपाल, तिसऱ्यावर नोंदवही. त्यामुळें होई असें कीं, प्रत्येक यंत्राची बरीचशी शक्ति वायां जाई. एका माणसासाठीं अख्खा वाडा अडवून ठेवावा, तसा तो प्रकार. यावर जो उपाय निघाला त्यास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. एकाच सर्व्हरमध्यें दहा-वीस आभासी यंत्रें बिऱ्हाडें करून राहतात. प्रत्येक बिऱ्हाडास वाटतें कीं, वाडा सर्वस्वी आपलाच आहे. शेजारच्या बिऱ्हाडाचा आवाजहि त्याच्या कानीं जात नाहीं. कोणास किती स्मृति, किती गणनशक्ति द्यावयाची, हें ठरविणारा एक कारभारी वाड्यांत बसलेला असतो. त्या कारभारी प्रोग्रामास हायपरव्हायझर असें नांव आहे.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० नांवाची अशीच व्यवस्था जाहीर केली होती. सामान्य, स्वस्त संगणकांवर ती रूढ करण्याचें श्रेय मुख्यतः १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीस जातें. पुढें २००७ सालीं लिनक्समध्यें केव्हीएम आलें, २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें हायपर-व्ही आणलें, आणि आज बँका, रुग्णालयें, विद्यापीठें, सरकारी कचेऱ्या या सर्वांच्या संगणकघरांत आभासी यंत्रांचीच वस्ती मोठी आहे.

पण वाड्यांत बिऱ्हाडें वाढलीं तशी जोखीमहि वाढली. पूर्वी एक सर्व्हर निकामी झाला तर एक काम अडे. आतां एक निकामी झाला तर वीस कामें एकदम अडतात. काटकसर केली आणि संकट एकवटलें, असें होऊं नये म्हणून तीन, चार, आठ सर्व्हर एकत्र बांधून त्यांचें एक कुटुंब करतात. त्यास क्लस्टर म्हणतात. अविभक्त कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस क्लस्टर समजावून देण्यास फार श्रम पडूं नयेत. चार भाऊ एकत्र राहतात. प्रत्येकाच्या अंगावर स्वतंत्र कामें आहेत. पण एक आजारी पडला तर त्याचीं कामें उरलेले तिघे उचलतात आणि घराबाहेरच्यांस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मात्र हें साधण्यास एक अट असते. आजारी भावाचे कागदपत्र त्याच्या स्वतःच्या पेटींत, किल्ली त्याच्या जानव्यास, असें असलें तर इतर तिघे मदतीस धांवूनहि करणार काय? कागदपत्र सामाईक कपाटांत असले पाहिजेत.

क्लस्टरचेंहि तसेंच आहे. आभासी यंत्र म्हणजे शेवटीं काय, तर डिस्कवर लिहून ठेवलेल्या कांहीं फायली आणि चालू क्षणीं स्मृतींत असलेला मजकूर. या फायली एखाद्या सर्व्हरच्या पोटांत न ठेवतां सर्वांस पोंचतील अशा सामाईक भांडारांत ठेवतात, किंवा त्यांच्या सारख्या प्रति दोन-तीन सर्व्हरमध्यें सतत लिहीत राहतात. मग देह कोणताहि असो, त्या यंत्राचें संचित सर्वांच्या हातास लागतें.

आतां हा देहपालट दोन प्रकारांनीं होतो, आणि त्यांतील भेद नीट ध्यानांत धरण्यासारखा आहे. पहिला प्रकार ठरवून केलेला. एका सर्व्हरची दुरुस्ती करावयाची आहे. तेव्हां त्यावरचीं आभासी यंत्रें चालतीं-बोलतीं दुसऱ्या सर्व्हरवर नेतात. कारभारी प्रथम त्यांच्या स्मृतीची नक्कल पलीकडे पाठवितो. तेवढ्या वेळांत जो मजकूर बदलला तो पुन्हां पाठवितो. असें करीत अखेर इतकें थोडें उरतें कीं, क्षणार्धाच्या विरामांत तें पाठवून यंत्र पलीकडच्या देहांत जागें होतें. काम करणाऱ्यास याची जाणीवहि होत नाहीं. व्हीएमवेअरनें ही किमया २००३ सालीं बाजारांत आणली. आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा आपण ऐकली आहे. हा प्रकार त्या परकायाप्रवेशासारखा. स्मृति अखंड राहते, केवळ देह पालटतो.

दुसरा प्रकार अपघाताचा. सर्व्हरचा वीजपुरवठा अकस्मात् गेला, किंवा त्याचें मर्मस्थानच जळलें, तर स्मृतीची नक्कल करण्यास कोण थांबणार? येथें परकायाप्रवेश शक्य नाहीं; येथें पुनर्जन्म आहे. कुटुंबांतील दुसरा सर्व्हर सामाईक भांडारांतून त्या आभासी यंत्राच्या फायली उचलतो आणि यंत्र नव्यानें सुरू करतो. डिस्कवर जें लिहिलें गेलें होतें तें संचित टिकतें. शेवटच्या क्षणीं जें केवळ स्मृतींत होतें तें जातें. यंत्र सुरू होऊन पुन्हां कामास लागेपर्यंत कांहीं मिनिटें जातात. म्हणून "आमच्याकडे क्लस्टर आहे, आमचें काम क्षणभरहि थांबणार नाहीं" असें कोणी म्हणाला, तर त्यानें परकायाप्रवेश आणि पुनर्जन्म यांची गल्लत केली आहे असें खुशाल समजावें. क्षणभरहि खंड नको असेल तर एकाच यंत्राचे दोन देह दोन सर्व्हरवर बरोबरीनें चालवावे लागतात. तशी सोयहि आहे, पण ती खर्चिक असल्यामुळें निवडक कामांसाठींच वापरतात.

पुढला प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. सर्व्हर गेला, हें इतरांस कळावें कसें? यासाठीं कुटुंबांतील सर्व्हर एकमेकांस ठराविक अंतरानें, साधारणतः दर सेकंदास, "मी आहें" असा लहानसा संदेश पाठवीत असतात. त्यास हार्टबीट, म्हणजे नाडीचा ठोका म्हणतात. कांहीं ठोके लागोपाठ चुकले म्हणजे तो सर्व्हर गेला असें धरतात. पण किती ठोके चुकल्यावर? लगेच निर्णय घेतला तर दम खाण्यासाठीं थांबलेल्या जिवंत माणसाचें और्ध्वदेहिक उरकल्यासारखें होईल. फार वाट पाहिली तर काम अडेल. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या विंडोज सर्व्हरमध्यें एका जाळ्यांतील यंत्रांसाठीं हा आंकडा १० ठोक्यांचा ठेवला आहे. शिवाय ज्याचा आवाज येईनासा झाला त्या सर्व्हरवरील आभासी यंत्रें हलविण्यापूर्वी ४ मिनिटें थांबण्याचीहि सोय आहे. कारण अनुभव असा कीं, जाळ्यांत क्षणिक खंड पडण्याचे प्रसंग सर्व्हर खरोखर मरण्यापेक्षां अधिक येतात.

आणि येथेंच मोठा धोका दडलेला आहे. समजा, सर्व्हर मेला नाहीं. त्याची व इतरांची जोडणी मात्र तुटली. इतरांस वाटलें तो गेला. त्यास वाटलें इतर गेले. दोन्ही बाजूंनीं तेंच आभासी यंत्र चालू केलें आणि दोघेहि त्याच वहींत लिहूं लागले, तर ती वही कोणाच्याहि उपयोगाची राहणार नाहीं. एका घरांत दोघांनीं स्वतःस कर्ता म्हणविलें, दोघांनीं खतांवर सह्या केल्या, म्हणजे त्या घराचें जें होतें तेंच. या विकारास स्प्लिट ब्रेन, म्हणजे दुभंगलेलें डोकें म्हणतात. काम थोडा वेळ बंद राहणें परवडतें. वही नासणें परवडत नाहीं.

त्यावरचा उपाय आमच्या सभांतून आणि पंचायतींतून सर्वांस ठाऊक आहे. तो म्हणजे गणपूर्ति. प्रत्येक सर्व्हरास एक मत. ज्या गटाजवळ निम्म्याहून अधिक मतें असतील त्यानेंच कारभार करावयाचा. ज्याच्याजवळ नसतील त्यानें, आपण पूर्ण धडधाकट असलों तरी, आपलें काम खालीं ठेवावयाचें. चार सर्व्हर असले आणि दोन-दोनांची फूट पडली तर निर्णय अडेल. म्हणून एक तटस्थ साक्षीदार नेमून मतें पांच करतात आणि तीन मतांस बहुमत ठरवितात. दोनच सर्व्हरांच्या संसारांत तर साक्षीदाराशिवाय गत्यंतर नाहीं. याखेरीज, ज्याचा आवाज येत नाहीं त्याचा वीजपुरवठा दुरून तोडून किंवा भांडाराचें दार त्यास बंद करून, तो खरोखर गप्प बसला आहे याची खात्री केल्यावरच दुसऱ्यानें काम हातीं घ्यावें, अशीहि रीत आहे. तीस फेन्सिंग, म्हणजे कुंपण घालणें म्हणतात. कठोर वाटेल, पण एका वेळीं एकच कर्ता, या नियमावांचून सामाईक वही शाबूत राहत नाहीं.

तिसरी गोष्ट ऐपतीची. चार भावांपैकीं प्रत्येकजण आपल्या शक्तीच्या शंभर टक्के राबत असला तर पडलेल्या भावाचें ओझें कोण उचलणार? गणित सोपें आहे. चार सर्व्हर प्रत्येकीं ७५ टक्के भरलेले असले तर एकूण भार ३०० होतो. एक गेला तर उरलेले तिघे तो भार जेमतेम उचलूं शकतात. ८५ टक्के भरलेले असतील तर कांहीं आभासी यंत्रें उघड्यावर पडणार हें ठरलेलें. म्हणजे नेहमींच्या दिवशीं जी शक्ति रिकामी पडलेली दिसते ती रिकामी नसते. ती राखीव असते. हिशेबनिसाच्या दृष्टीस मात्र ती उधळपट्टी दिसते, आणि काटकसरीचा पहिला वार बहुधा तिच्यावरच पडतो. त्याचप्रमाणें, एकमेकांचे पर्याय म्हणून ठेवलेलीं दोन आभासी यंत्रें एकाच सर्व्हरवर ठेवूं नयेत, नाहींतर दोघें एकाच नावेंत बुडतील. आणि पुनर्जन्माचा क्रमहि ठरवून ठेवावा : आधीं नोंदवहीचें यंत्र, मग तिच्यावर अवलंबून असणारें खिडकीचें.

इतकें सारें केलें तरी एक मर्यादा उरते, आणि ती समजण्यास मीमांसाशास्त्राचा एक विचार उपयोगी पडतो. यज्ञांत सांगितलेलें द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधि चालतो कीं नाहीं, याची चर्चा मीमांसकांनीं फार बारकाईनें केली आहे. व्रीहि न मिळाले तर नीवार चालतात. पण देवता, अग्नि आणि मंत्र यांस प्रतिनिधि नाहीं. कशास पर्याय आहे आणि कशास नाहीं, याचा विवेक आधीं करावयाचा, हें त्या चर्चेचें सार. संगणकघरांतील विवेक असा : सर्व्हर हें द्रव्य आहे, त्यास पर्याय आहे. नोंदीस पर्याय नाहीं. नोंदीची दुसरी प्रत असूं शकते. पण प्रत नसेल तर जगांतील कितीहि सर्व्हर आणले तरी ती नोंद परत येत नाहीं. शिवाय क्लस्टरमध्यें सतत लिहिली जाणारी जोडप्रत ही जपलेली प्रत नव्हे. कोणी चुकून एक खातें पुसलें तर तें जोडप्रतींतूनहि त्याच क्षणीं पुसलें जातें. जपलेली प्रत निराळी, जुन्या तारखेची आणि दुसऱ्या जागीं ठेवलेली असावी लागते.

याचें दारुण उदाहरण ताजें आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन शहरीं शासकीय संगणक-केंद्रांत बॅटरींना आग लागली. त्या देशाच्या ७०९ शासकीय संगणक-व्यवस्था थांबल्या. त्यांतील बऱ्याचशा क्रमाक्रमानें पुन्हां उभ्या राहिल्या; परंतु शासकीय नोकरांच्या कामाचे कागद सांठविणारें जी-ड्राइव्ह नांवाचें भांडार, सुमारें ८५८ टेराबाइट मजकुराचें, जळून गेलें आणि त्याची बाहेर ठेवलेली प्रत नव्हती. तंत्रज्ञानांत अग्रेसर म्हणून नांवाजलेल्या देशाची ही कथा. आमच्या कुरुंद्यांत २०२२ च्या जुलैमध्यें पुराचें पाणी घराघरांत शिरलें तेव्हां हाच धडा निराळ्या रूपानें मिळाला होता. एकाच घरांतल्या दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रति म्हणजे पाण्याच्या दृष्टीनें एकच प्रत.

आपल्या राज्यांतील एक प्रसंग या विषयाचा सर्वांत बोलका दाखला आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं, बुधवारीं, मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं थांबले आणि दुपारीं पावणेचारास पुन्हां सुरू होऊन सायंकाळीं पांचपर्यंत चालले. देशांतील हा सर्वांत मोठा शेअरबाजार. त्याच्याजवळ यंत्रांचा किंवा पैशाचा तुटवडा नव्हता. दूरसंचाराच्या तारा एकीऐवजीं अनेक होत्या, त्या पुरविणाऱ्या कंपन्याहि दोन होत्या. संकटकाळासाठीं चेन्नईस पर्यायी केंद्रहि होतें. मग झालें काय? एक्सचेंजनें पुढें दिलेल्या माहितीप्रमाणें रस्त्यालगतच्या खोदकामामुळें तारा तुटल्या; आणि तारा तुटल्यावर सामाईक भांडाराची जी व्यवस्था चालू राहावयास हवी होती ती अनपेक्षित रीतीनें वागली व सर्व्हरांस भांडाराचें दार बंद झालें. सौद्यांची यंत्रणा शाबूत होती. पण जोखीम मोजणारी यंत्रणा आंधळी झाली, आणि जोखीम न मोजतां सौदे होऊं देणें शक्य नव्हतें. तेथील रचना हुबेहूब वर वर्णिलेल्या क्लस्टरसारखीच होती असें माझें म्हणणें नाहीं; परंतु तत्त्व तेंच. देह अनेक होते. सर्वांचें संचित ज्या एका कपाटांत होतें, तें कपाट उघडेना.

या प्रसंगानंतर, २०२१ च्या मार्चमध्यें, शेअरबाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबी या मंडळानें नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा थांबली तर ३० मिनिटांच्या आंत आपत्ति जाहीर करावयाची, आणि ती जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांच्या आंत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावयाचें. या नियमांत एक मोठा मनुष्यस्वभाव ओळखलेला आहे. पर्याय हाताशीं असूनहि "थोडें थांबून पाहूं, हें आतां सुरू होईल" या आशेवर माणूस तासामागून तास घालवितो. म्हणून निर्णयाची घटका आधींच बांधून ठेवावी लागते.

आणखी एक संकट असें आहे कीं, त्यापुढें सर्व्हरांची संख्या निरुपयोगी ठरते. तें म्हणजे सर्वांस एकाच वेळीं होणारा एकच रोग. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळें जगभरांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडेहि विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास देण्याची पाळी आली. मेलेल्याची जागा घेणारा जो दुसरा, त्यानेंहि तेंच औषध घेतलेलें होतें. म्हणून शहाणे लोक नवी सुधारणा प्रथम एका यंत्रावर करतात, दोन दिवस पाहतात आणि मग इतरांस देतात. आणि हातानें लिहिण्याची रीत ज्यांनीं मोडीत काढली नव्हती, त्यांचें काम त्या दिवशीं निभावलें, हेंहि विसरूं नये.

आतां भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. चांगला चाललेला सर्व्हर मुद्दाम कां बंद करावयाचा? कारण वरील सर्व व्यवस्था कागदावर जितकी नेटकी दिसते तितकी प्रत्यक्षांत क्वचित् असते. राखीव सर्व्हरला एका भांडाराची वाट दाखवावयाची राहून गेलेली असते. ७५ टक्क्यांचा भार कोणाच्या लक्षांत न येतां ९० वर गेलेला असतो. संकटकाळीं ज्यास फोन करावयाचा, तो गृहस्थ वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो. प्रत जपलेली असते, पण ती उघडून पाहिली असतां अर्धीच निघते. हीं व्यंगें स्वस्थ दिवशीं दिसत नाहींत. संकटाच्या दिवशीं तीं सगळीं एकदम पुढें येतात. तेव्हां तीं आपण निवडलेल्या रात्रीं, गर्दी नसतांना, जाणतीं माणसें हजर असतांना बाहेर काढावीं, हाच शहाणपणा. न तपासलेला पर्याय हा पर्याय नसून निव्वळ आशा होय.

नॅशनल स्टॉक एक्सचेंजनेंहि पुढें हाच मार्ग धरला. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारीं, एरवीं बाजार बंद असतांना, खास सत्रें भरविण्यांत आलीं. सकाळचें पहिलें सत्र मुख्य केंद्रावरून झालें, आणि त्याच दिवशीं दुसरें सत्र पर्यायी केंद्रावरून. हे लुटुपुटीचे सौदे नव्हते. खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे सौदे होते. एवढ्या मोठ्या संस्थेस चालता बाजार मुद्दाम एका जागेहून दुसऱ्या जागीं हलवून पाहण्याची आवश्यकता वाटते, तर भगिनींच्या सुनेची शनिवारची रात्र व्यर्थ गेली असें कोण म्हणेल? तिच्या जागरणामुळें सोमवारीं सकाळीं कोणा अनोळखी माणसाचा हेलपाटा वांचतो. त्या माणसास तिचें नांव कधीं कळणार नाहीं. काम अडलें नाहीं याची बातमी कोठें छापून येत नसते. म्हणून घरांतल्या वडील माणसांनीं तरी तें जाणावें, आणि रविवारीं सकाळीं तिला उशिरापर्यंत निजूं द्यावें.

या शास्त्रांतून घरानेंहि एक गोष्ट उचलावी. पुष्कळ घरांत विम्याचे, पेन्शनचे, जमिनीचे कागद कोठें आहेत, बँकेंत नामनिर्देशन कोणाचें आहे, विजेचें बिल कसें भरतात, हें एकाच माणसास ठाऊक असतें. आणि तें माणूस आजारी पडलें म्हणजे घर अडतें. संचित एकाच्या पोटांत ठेवलेला हा क्लस्टर समजावा. सामाईक वही करावी, तिची एक प्रत दुसऱ्या गांवीं लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी, आणि वर्षांतून एकदां, नेहमीं करणाऱ्यानें स्वस्थ बसून, दुसऱ्याकडून सारीं कामें करून घ्यावीं. कोठें अडतें तें त्याच दिवशीं कळेल.

राहतां राहिला "सर्व्हर डाऊन" ऐकून परतणारा माणूस. दूरच्या संगणकघरांत काय चाललें आहे हें त्यास दिसत नाहीं, पण कांहीं प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यास निश्चित आहे, आणि सुशिक्षित घरांनीं ते त्याच्या वतीनें, ग्रामसभेंत किंवा लेखी अर्जानें, विचारले पाहिजेत. हें यंत्र पडलें तर त्याचें काम दुसरें कोणतें यंत्र, किती वेळांत उचलतें? नोंदींची प्रत दुसऱ्या कोणत्या जागीं आहे? बदली यंत्रावर काम चालवून शेवटीं कोणत्या तारखेस पाहिलें? आणि व्यवस्था तुमची अडली असतां मुदत आमची कां संपावी? हे प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. ज्याची व्यवस्था खरोखर झालेली आहे तो पहिल्या तिहींचें उत्तर आंकड्यांनीं आणि तारखेनें देईल, आणि चौथ्याचें उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येईल. "पाहूं, करूं" असें उत्तर आलें, तर व्यवस्था अद्याप व्हावयाची आहे असें समजावें आणि पुढल्या महिन्यांत पुन्हां विचारावें.